सांगोला : अकरा विजय, 192 मतं आणि 768 मतं

23 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचे निकाल लागले आणि 288 पैकी 230 जागा महायुतीच्या पदरात पडल्या. त्याच दिवशी शेतकरी कामगार पक्षाचा (शेकाप) अख्ख्या राज्यातून एकच आमदार निवडून आला, तो सांगोल्याचा. डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी शिंदे गटाच्या शिवसेनेचे विद्यमान आमदार शहाजीबापू पाटील यांना 25,386 मतांनी हरवलं. ज्या पक्षाने 1962 पासून अनेक वर्षं विधानसभेचं विरोधी पक्षनेतेपद सांभाळलं, तो आता विधानसभेत एका खुर्चीपुरता उरला आहे. ती खुर्चीही पक्षाचा जुना गड मानल्या गेलेल्या रायगडातून आलेली नाही, माणदेशाच्या कडेला असलेल्या एका कोरड्या तालुक्यातून आली आहे.

सांगोल्याची गोष्ट सहसा एकाच ओळीत सांगितली जाते: गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले. ओळ खरी आहे आणि तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण तेवढ्याने हा मतदारसंघ कळत नाही. ‘शेकापचा बालेकिल्ला’ म्हटलं की डोळ्यांसमोर बुलंद तटबंदी उभी राहते. निकालांचे आकडे मात्र काही वेगळंच दाखवतात. इथली मतं फार वर्षांपासून जवळपास निम्मी-निम्मी विभागलेली आहेत, आणि दर निवडणुकीत एका बाजूला थोडं जास्त वजन पडलं म्हणून निकाल लागले आहेत. ते वजन कुठून येत होतं, हे गणपतरावांच्या, म्हणजे सगळ्यांच्या आबांच्या, विजयांपेक्षा पराभवांतून जास्त नीट दिसतं.

मुलूख

निवडणूक आयोगाच्या कागदावर हा मतदारसंघ ‘253, सांगोले’ असा आहे. बोलताना सगळे सांगोलाच म्हणतात. 2008 च्या पुनर्रचनेनंतर पूर्ण सांगोला तालुका आणि पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी मंडळ मिळून तो तयार होतो, आणि लोकसभेला माढ्यात मोडतो. त्याआधी तो पंढरपूर लोकसभेत होता. इतिहास वाचणाऱ्यांना हे गाव 1750 च्या सांगोला करारामुळे ठाऊक असतं. छत्रपतींच्या हातातला कारभार पेशव्यांकडे गेला, तो इथेच झालेल्या या करारानं.

आटपाडी, जत, मंगळवेढा आणि पंढरपूर या तालुक्यांना लागून असलेला हा पट्टा पर्जन्यछायेतला. माण नदी तालुक्यातून वाहते असं नकाशा म्हणतो. प्रत्यक्षात पावसाळ्याचे मोजके दिवस सोडले तर पात्रात वाळू आणि चिलारीच असते. ज्वारी-बाजरी, शेळ्या-मेंढ्या आणि खिलार जनावरं हा इथला जुना संसार. रविवारी जनावरांच्या बाजारात गेलं की दुष्काळाचा अंदाज हवामान खात्याच्या आधी येतो. धष्टपुष्ट खिलार खोंड पडत्या भावात बाजारात दिसायला लागले, की समजावं, घरी कडबा संपला.

मतदानाचा संबंध इथूनच सुरू होतो. शेजारच्या माळशिरस आणि पंढरपूर तालुक्यांत पाणी आलं, ऊस आला, कारखाने आले. कारखाना ज्याच्या हातात त्याच्याकडे ऊसतोडीची टोळी, बिल कधी निघणार याचा निर्णय, पोराची नोकरी आणि बँकेचं कर्ज. मग तालुक्याचं मतही फारसं लांब राहत नाही. सांगोल्यात ऊस कमी. सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पण त्याची बरीच वर्षं कुलपात गेली. त्यामुळे उसाच्या बिलावर माणसं बांधून ठेवणारा पुढारी इथे तयारच होऊ शकला नाही. आमदाराकडे लोकांचं काम असायचं ते मस्टरवर (दुष्काळी कामाच्या हजेरीपटावर) नाव लागलं का, टँकरच्या खेपा किती, छावणीत चारा आला का, पाझर तलावाचं काम कधी निघणार, याचं. ही कामं पैशाच्या जोरावर होत नाहीत. त्यासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात आणि विधानसभेत उभं राहून मंत्र्याला धारेवर धरावं लागतं. शेकापसारख्या गरीब पक्षाला हे परवडणारं होतं.

1962 ते 1974

गणपतराव देशमुख मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. शिक्षण वकिलीचं, आणि वकिली करायला ते सांगोल्यात आले. म्हणजे ज्या माणसाच्या नावाशी हा तालुका कायमचा जोडला गेला तो जन्माने इथला नव्हता.

त्यांचा पहिला विजय 1962 चा. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली होती, यशवंतरावांचा दबदबा होता. काँग्रेसने 264 पैकी 215 जागा घेतल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ज्या पक्षांना लोकांनी डोक्यावर घेतलं होतं ते राज्य मिळताच मागे पडले, आणि शेकाप 15 जागांवर आला. त्या 15 मध्ये सांगोला होतं. 1967 ला आबा पुन्हा निवडून आले.

1972 ला ते हरले. काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील जिंकले. बांगलादेश युद्धानंतरची ती निवडणूक, इंदिरा गांधींच्या नावाने काँग्रेसला 270 पैकी 222 जागा मिळाल्या आणि शेकाप सातवर घसरला. त्या लाटेत आबांचं जाणं नवलाचं नाही. पुढे जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मतदान मार्चमध्ये झालं आणि त्याच वर्षी पावसाने दगा दिला. 72 चा दुष्काळ आजही इथल्या घराघरात तारखेसारखा वापरतात. “बहात्तरला तुझी आजी खडी फोडायला जात होती” असं सांगणारी माणसं अजून आहेत. आमदारकी नसताना आबा त्या दुष्काळात लोकांसोबत राहिले. कामं काढा, मजुरी वेळेवर द्या, ही मागणी लावून धरणाऱ्या राज्यातल्या पुढाऱ्यांत लाल बावट्याची माणसं पुढे होती. 1974 मध्ये सांगोल्यात पोटनिवडणूक लागली आणि आबा पुन्हा आमदार झाले.

रोजगार हमीचा कायदा 1977 ला झाला आणि 1979 च्या प्रजासत्ताक दिनापासून लागू झाला. त्यामागे वि. स. पागे यांची कल्पना होती, हे खरंच. पण या तालुक्यातल्या माणसाला ती योजना आठवते ती आबांच्या नावासकट. पोटनिवडणुकीनंतरची सलग एकवीस वर्षं ही जागा हलली नाही, त्याचं मोठं कारण 1972 ते 1974 या दोन वर्षांत आहे.

एकवीस वर्षं

1978, 1980, 1985, 1990. राज्यात या काळात काय काय झालं! जनता पक्ष आला आणि मोडला, इंदिराजी पडल्या आणि परत आल्या, पुलोदचं (पुरोगामी लोकशाही दल) सरकार बसलं आणि बरखास्त झालं. सांगोल्याचा आमदार तोच राहिला. 1977-78 ला ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते, पुलोदमध्ये मंत्री झाले, नंतर 1999 ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळातही गेले. पण लोकांच्या लेखी त्यांचं मंत्रिपद कधी मोठं झालं नाही.

एसटीत पुढच्या बाजूला एका आसनावर ‘आमदार, खासदार’ अशी राखीव पाटी असते. बहुतेक प्रवाशांनी तिथे आमदार बसलेला जन्मात पाहिलेला नसतो. कंडक्टरही ती पाटी विसरलेला असतो. सांगोल्याचा आमदार त्या आसनावर बसून प्रवास करायचा. अशा वेळी माणूस खिडकीशी येऊन कागद हातात देऊ शकतो. शेजारच्या सीटवर बसून मोजणीची तक्रार, विहिरीचा अर्ज, पोराच्या शाळेचा दाखला, सगळं सांगू शकतो. आमदार गाडीच्या काळ्या काचांमागे गेला की मधल्या माणसाचं राज्य सुरू होतं. इथे ते झालं नाही. साधेपणाचं कौतुक पुष्कळ झालं आहे. पण तो साधेपणा हीच इथली मतं टिकवण्याची रीत होती, याकडे कमी लक्ष गेलं.

जातीचं गणितही सरळ सांगायला हवं. तालुक्यात धनगर समाज मोठा आहे, मराठा समाजही मोठा आहे. आबा धनगर समाजातले. त्यांची भक्कम मतं तिथून येत होती, हे सांगोल्यात कुणी नाकारत नाही. पण एका समाजाच्या मतांवर अकरा निवडणुका निघत नाहीत. शेकापचं गावोगावचं कार्यकर्त्यांचं जाळं मिश्र होतं, आणि कापूस न पिकणाऱ्या या तालुक्यात उभ्या राहिलेल्या शेतकरी सहकारी सूतगिरणीने सगळ्या समाजांतल्या पोरांना काम दिलं. जात हा पाया धरला तरी त्यावरची भिंत कामाचीच होती.

1990 च्या सुमारास शासनाने फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली. सांगोल्याच्या माळावर डाळिंब आलं ते त्या रेट्याने. आधी गणेश, मग आरक्ता, मग भगवा. ठिबकच्या नळ्यांनी कमी पाण्यात बाग जगते हे कळलं आणि वीस-पंचवीस वर्षांत इथल्या शेतकऱ्याचं घर, गाडी, बोलणं बदललं. तेल्या रोगाने आणि नंतर मर आणि खोडकिडीने बागा उपटायची वेळ आली, तो भाग पुढचा. पण मस्टरवर उभा राहणारा मजूर आणि पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्याशी फोनवर भाव ठरवणारा बागायतदार यांना आमदाराकडून सारखीच गोष्ट हवी असते असं नाही. मस्टरची आठवण मजुराच्या पोराला उरत नाही. 1995 कडे बघताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

192

1995 ला राज्यात काँग्रेस 80 वर आली आणि शिवसेना-भाजप युतीचं सरकार बसलं. राज्यभर काँग्रेसचे गड पडत असताना सांगोल्यात मात्र उलटं झालं. काँग्रेसचे तरुण वकील शहाजीबापू पाटील जिंकले आणि आबा 192 मतांनी हरले.

शंभराच्या आसपास गावांच्या तालुक्यात 192 मतं म्हणजे गावामागे दोन मतंही नाहीत. एका वाड्यातलं लग्न, एक बिघडलेली जीप, मतदानाला न आलेले दोन भाऊ, एवढ्यात निकाल फिरला असता. तरी हा पराभव निव्वळ नशिबाचा नव्हता. 1962 ला पहिलं मत दिलेला तरुण 1995 ला साठीकडे झुकला होता, आणि त्याच्या मुलाला बदल हवा होता. दुसरं म्हणजे आबांच्या विरोधातली मतं तालुक्यात सदैव होती. ती आजवर दोन-तीन जणांत वाटली जायची किंवा घरी बसायची. बापूंनी ती एका जागी आणली. गावरान बोली, टाळी घेणारं भाषण आणि हार झाली तरी मैदान न सोडणं, या जोरावर त्यांनी जी मतं जमवली ती पुढे तीस वर्षं त्यांच्यापासून फारशी हलली नाहीत. माझ्या मते सांगोल्याच्या इतिहासात आबांच्या अकरा विजयांइतकीच ही दुसरी मोठी गोष्ट आहे आणि तिचं श्रेय बापूंना कमी मिळालं आहे.

1999 ला आबा परत आले. मग 2004, 2009, 2014. शेवटच्या निवडणुकीत ते 88 वर्षांचे होते. मोदी लाटेत, चारही मोठे पक्ष सुटे लढत असताना त्यांना 94,374 मतं मिळाली, शिवसेनेत गेलेल्या बापूंना 69,150. फरक 25,224.

इथे एक दुरुस्ती करायला हवी, कारण ती नेहमी चुकीची छापली जाते. एकाच मतदारसंघातून अकरा विजय हा महाराष्ट्रातला विक्रम आहे, देशातला नाही. केरळमध्ये के. एम. माणी पाला मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले. आबांचं मोठेपण सांगायला देशाच्या विक्रमाची गरज नाही. मधली दोन खंडित वर्षं आणि 1995 नंतरची चार वगळली तरी त्यांनी एकाच तालुक्याच्या वतीने सभागृहात पन्नासहून अधिक वर्षं काढली, आणि पक्ष एकदाही बदलला नाही. याच काळात शेकापच्या जागा 1978 ला 13, 1990 ला 8, 1999 ला 5, 2004 ला अवघ्या 2 अशा खाली आल्या. 2014 ला 3 होत्या.

या वर्षांतलं त्यांचं सगळ्यात लांबचं काम पाण्याचं. कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावं म्हणून नागनाथअण्णा नायकवडींनी उभारलेल्या चळवळीत आबा पहिल्या फळीत होते. आटपाडीच्या पाणी परिषदांना माणदेशातून माणसं बैलगाड्या आणि ट्रक भरून यायची. टेंभू आणि म्हैसाळ या योजनांचं पाणी सांगोल्याच्या काही गावांत पोचायला पुढे कितीतरी वर्षं लागली. काही गावं अजून वाट पाहतात. म्हणून सांगोल्यात कुठल्याही निवडणुकीत पहिला प्रश्न ‘पाणी कुणी आणलं’ हा असतो, आणि दोन्ही बाजूंकडे त्याचं उत्तर तयार असतं.

768

2019 ला आबा थांबले. नव्वदी ओलांडली होती. उमेदवार कोण, यावर शेकापात चलबिचल झाली. आधी घराबाहेरचं नाव पुढे आलं, कार्यकर्त्यांनी धरून बसल्यावर नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उभं केलं. एकाच माणसाभोवती उभ्या राहिलेल्या पक्षाला वारस ठरवायची सवयच नव्हती, आणि ती सवय नसण्याची किंमत मतमोजणीत दिसली. शहाजीबापूंना 99,464 मतं, अनिकेत यांना 98,696. बापू 768 मतांनी आमदार झाले. चोवीस वर्षांनी.

राष्ट्रवादीचे दीपकआबा साळुंखे-पाटील त्या वेळी बापूंच्या बाजूने उभे राहिले होते. तालुक्यात त्यांचा स्वतःचा गट मोठा आहे. 768 च्या फरकात त्या गटाचं वजन निर्णायक ठरलं, हे बापूंनीही लपवलं नाही.

30 जुलै 2021 ला सोलापुरात आबा गेले, वयाच्या 94 व्या वर्षी. वर्षभरातच शिवसेना फुटली. जून 2022 मध्ये गुवाहाटीच्या हॉटेलातून बापूंनी कार्यकर्त्याला केलेला फोन राज्यभर वाजला. “काय झाडी, काय डोंगार, काय हाटील” हे वाक्य घराघरात गेलं. उर्वरित महाराष्ट्राने त्या बोलीवर हसून घेतलं. सांगोल्याच्या माणसाला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, कारण तो रोज तसाच बोलतो. ज्याच्या तालुक्यात डोळा भरून झाड दिसत नाही, त्याला आसामचे हिरवे डोंगर पाहून तोंडून तेच निघणार. या फोनने बापूंचं नाव झालं, पण त्यांच्या मतांवर त्याचा परिणाम फार झाला असं आकडे म्हणत नाहीत.

2024 चे आकडे

या वेळी मैदानात तिघं होते. महाविकास आघाडीत ही जागा कुणाची यावर तोडगा निघाला नाही. ठाकरे गटाने दीपकआबांना उमेदवारी दिली, शेकापने आपला हक्क सोडला नाही आणि आबांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब यांना उभं केलं. बाबासाहेबांना 1,16,256, बापूंना 90,870, दीपकआबांना जवळपास 51 हजार.

निकालानंतर सगळीकडे एकच वाक्य ऐकू आलं: बापूंची मतं फुटली म्हणून शेकाप आला. बापू आणि दीपकआबा यांच्या मतांची बेरीज 1 लाख 41 हजारांच्या पुढे जाते, म्हणून हे वाक्य पटकन पटतं. मला ते अर्धं खरं वाटतं. दीपकआबा गेल्यावरही बापूंची मतं 2019 पेक्षा फक्त साडेआठ हजारांनी कमी झाली. म्हणजे दीपकआबांची बहुतेक मतं बापूंच्या पारड्यातून आली, असं मांडायचं तर मधल्या काळात बापूंनी तेवढीच नवी मतं मिळवली असं मानावं लागेल. दुसरीकडे शेकापची मतं साडेसतरा हजारांनी वाढली, तीही मशाल चिन्हाचा उमेदवार आघाडीची मतं खात असताना. दीपकआबा नसते तर त्यांच्याकडची काही मतं थेट बाबासाहेबांकडेच आली असती, कारण तो मतदार सरकारच्या विरोधातला होता.

आणि हे एकट्या सांगोल्यात झालं नाही. सोलापूर जिल्ह्यात 11 जागा. त्यातल्या पाच भाजपने घेतल्या, पण माढा, करमाळा, माळशिरस आणि मोहोळ शरद पवारांच्या पक्षाकडे गेले, बार्शी ठाकरे गटाकडे आणि सांगोला शेकापकडे. राज्यात महायुतीचं वारं असताना जिल्ह्याचा हा निम्म्याहून मोठा भाग दुसरीकडे गेला. सांगोल्याचा निकाल फक्त आबांच्या पुण्याईवर टाकला तर हे सगळं डोळ्याआड होतं.

तरी पुण्याईचा वाटा होताच. 2014 चं आबांचं मताधिक्य 25,224 होतं, 2024 ला नातवाचं 25,386. दहा वर्षांत मतदार बदलले, पक्ष फुटले, आणि फरकात फरक पडला 162 मतांचा. हा योगायोग आहे हे मलाही कळतं. 162 मतं म्हणजे 1995 ला आबा ज्या फरकाने हरले त्यापेक्षाही तीस कमी.

बापूंच्या काळात उजनीचं पाणी उचलून सांगोल्याच्या कोरड्या गावांना द्यायच्या योजनेला मंजुरी मिळाली. योजना एका आमदाराच्या कारकिर्दीत मंजूर झाली, आणि त्या पाण्याची विचारणा आता दुसऱ्या आमदाराकडे होते. बापूंची नव्वद हजार मतं जागेवर आहेत, दीपकआबांची 51 हजार कुठे जातील हे ठरलेलं नाही, आणि रविवारच्या बाजारात खोंड अजूनही येतात.